घरामागचा ओढा

आमच्या गल्लीतल्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर सकाळी उठल्या उठल्या पहिला उसासा पडायचा, आणि तो बहुतेक कप्तानाचा असायचा. शाळेत असताना प्रत्येक खेळात तो स्वतःच स्वतःला कप्तान नेमायचा, म्हणून कप्तान. पुढे तो एका विमा कंपनीत मोठा साहेब झाला, निवृत्त झाला, आणि मग करायला काही नाही म्हणून आठवणी काढायचा. "आठवतंय का रे, आपली गल्ली..." अशी सुरुवात झाली की मी फोन पालथा घालायचे आणि दुकानाचं शटर वर करायला जायचे. गल्ली आठवायची मला गरज नव्हती. ती माझ्या शटरसमोरच पडलेली असायची आणि मला ती झाडावी लागायची.

गल्ली म्हणजे सात घरांची एक रांग. घरं एकमेकांना चिकटलेली, भिंती सामाईक, पुढे अरुंद रस्ता आणि मागे गटार. टोकाच्या घरात मी. खाली माझं चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या. बाकीच्या घरांतली माणसं एकेक करून गेली, कुणी नोकरीपायी, कुणी लग्न होऊन, कुणी लिफ्ट असलेल्या इमारतीत. जाताना प्रत्येकानं कुलूप लावलं आणि किल्ली आमच्याकडे दिली. "असू दे तुझ्याकडे, चार दिवसांनी येतोच आहे," असं म्हणून दिली. अक्षरांच्या तक्त्यामागे, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे एक खुंटी होती, तिच्यावर त्या सगळ्या किल्ल्या लटकायच्या. चार दिवसांची वीस वर्षं झाली. माझा नवरा या घरात घरजावई म्हणून आला होता, पण तो गेला तोवर सगळ्या रांगेचा जावई झाला होता. त्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या छपरांवर गळती शोधण्यात गेलं.

मागे गटार, असं मी वर सरळ लिहून टाकलं. ग्रुपवर तशी सोय नाही. ग्रुपवर त्याला ओढा म्हणतात.

याची सुरुवात भोंग्यानं केली. भोंगा वर्गात उत्तर येत नसलं तरी ते सगळ्यांत मोठ्यानं द्यायचा. आता वकील आहे, म्हणजे सवय वाया गेली नाही. त्यानं एकदा लिहिलं, "घरामागून तो ओढा वाहायचा, त्याच्या आवाजावर दुपारी कशी गाढ झोप लागायची!" मला वाटलं, कुणीतरी विचारेल, अरे बाबा, कुठला ओढा? पण गोटीनं ताबडतोब रडक्या चेहऱ्यांची रांग पाठवली. गोटी लहानपणी गोल होती आणि गडगडत चालायची. आता ती लोकांना बारीक करायचे वर्ग घेते. तिनं लिहिलं, "आणि त्यात आपण होड्या सोडायचो!" होड्या सोडायचो हे खरं आहे. त्या कुठवर जायच्या ते कुणी लिहिलं नाही. त्या तिसऱ्या घराच्या न्हाणीच्या पाइपाखाली जाऊन अडकायच्या, आणि तिथे आणखी काय काय अडकलेलं असायचं ते मी सांगत नाही, कुणी जेवत वाचत असेल.

मी लिहिलं, "ओढा नव्हे, गटार."

त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. "लिंबू, तू अजून तशीच आहेस!"

लिंबू म्हणजे मी. पूर्ण नाव लिंबूटिंबू. आई त्याच शाळेत शिकवायची, घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं मला वेळेआधीच पहिलीत आणून बसवलं. त्यामुळे मी वर्गात सगळ्यांहून लहान, आणि खेळात लहानांचं जे होतं तेच माझं झालं. लिंबूटिंबूला खेळायला घेतात, पण धरत नाहीत. त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद होत नाही. त्यानं कुणाला शिवलं तरी ते शिवलेलं धरत नाहीत. त्याला बिचाऱ्याला वाटत असतं की आपण खेळतोय. आईची हाक आली की तो अर्ध्या डावातून घरी जातो, आणि तो गेला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मी कितीतरी वेळा तशी गेले आहे. आत जाऊन खिडकीतून बघायची, डाव थांबला का. कधी थांबला नाही.

तर मला या गल्लीतून जायचं होतं. हेही सरळच लिहिते, कारण ग्रुपवर कितीदा लिहून कुणी वाचलं नाही. जिना चढताना गुडघे बोलायचे. भिंतींना ओल होती. शेजारी सहा बंद घरं म्हणजे कुणाच्या घरात उंदीर मेला तरी वास मला यायचा. आणि मागचं ते तुंबलं की पाणी दुकानात शिरायचं, खालच्या कप्प्यातल्या फ्रेमच्या दांड्या हिरव्या पडायच्या. लेक डोळ्यांची डॉक्टर, दुसऱ्या गावी असते. तिच्या दवाखान्याखाली एक गाळा रिकामा होता. ती म्हणायची, "आई, कुलूप लाव आणि ये. नंबर मी काढते, काचा तू बसव." मी म्हणायचे, माझं कुलूप लावीन गं, पण त्या सहा कुलपांचं काय करू? लोकांनी विश्वासानं ठेवलेल्या किल्ल्या कुणाच्या गळ्यात टाकून येऊ?

अशात एक बिल्डर आला. त्याला अख्खी रांग हवी होती. एक घर जरी नाही म्हणालं तरी तो घेणार नव्हता. मला हायसं वाटलं. वीस वर्षांत जे पाय ठेवायला आले नाहीत ते कशाला नाही म्हणतील? मी ग्रुपवर लिहिलं: बिल्डर आलाय, सगळ्यांनी संमती द्या, मला लेकीकडे जायचंय. त्यावर सहा लाल बदाम आले. मग कप्तानानं लिहिलं, "अशा गोष्टी फोनवर नाही ठरवायच्या. गल्लीतच भेटू या!" आणि मग तीन आठवडे, भेटताना कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, यावर चर्चा झाली.

ते एका रविवारी सकाळी आले, निळ्या कपड्यांत. गाड्या गल्लीत शिरेनात, म्हणून कोपऱ्यावर लावून चालत आले. चालत म्हणजे, दोन पावलं टाकायची आणि थांबून गहिवरायचं. भोंगा एका विजेच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. "हाच तो खांब!" मी म्हटलं, "हा गेल्या वर्षी बसवलाय. जुना पडला, तुझ्याच गच्चीवर पडला. मी फोन केला होता तुला." तो म्हणाला, "हो का? पण जागा तीच ना गं." जागा तीच होती. 

मी ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या हातात दिली. सगळे छातीशी किल्ल्या धरून आपापल्या दारांकडे गेले. कुलपं उघडावीत म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्यांत तेल सोडून ठेवलं होतं. कुलूप सरसर उघडलं याचंही गोटीला कौतुक. "बघ, घरानं ओळखलं मला!" ती आत गेली, आणि शिंकत शिंकत लगेच बाहेर आली. सगळेच लवकर बाहेर आले. कुणी आत दहा मिनिटंसुद्धा काढली नाहीत. पण बाहेर आल्यावर प्रत्येकाचा चेहरा असा होता, की आत साक्षात बालपण बसलं होतं आणि त्यानं डोक्यावरून हात फिरवला. मला मात्र ठाऊक होतं की आत ओल, कोळ्यांची जाळी आणि माझ्या नवऱ्यानं ठेवलेल्या बादल्या होत्या.

मग सगळे मागच्या बाजूला गेले. गटाराच्या काठावर ओळीनं उभे राहिले.

"किती लहान झालाय गं ओढा," गोटी म्हणाली.

"झाला नाही. एवढंच आहे ते. तू मोठी झालीस."

"पाणी कमी झालं."

"वरच्या चाळीनं धुणं बंद केलं, मशिनं घेतली. ते त्यांच्या धुण्याचं पाणी होतं."

"तुझं ना, सगळ्यातलं मीठ काढून घ्यायचं असतं," भोंगा म्हणाला. मग त्यानं डोळे मिटले, हात उचलला आणि सगळ्यांना गप्प केलं. "ऐका. तोच आवाज."

सगळ्यांनी ऐकलं. खळखळ नव्हे, थोडी गुडगुड होती, पण त्यांनी डोळे मिटून ऐकली. गोटीनं फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मनाचा ओढा आणि घरामागचा ओढा, दोन्ही एकच!" फोटोत नाकाला रुमाल लावलेला एकही माणूस नव्हता. तेवढ्यापुरते त्यांनी रुमाल खाली घेतले होते.

दुपारी दुकानात बैठक बसली. चहा मी केला, बिस्किटं मी आणली, खुर्च्या शेजारच्या गल्लीतून मी मागून आणल्या. बिल्डरचा संमतीचा कागद कप्तानाच्या हातात दिला. त्यानं तो लांब धरला, आणखी लांब धरला, हात संपला.

"चष्मा घरी राहिला गं. जवळचं काही दिसत नाही आता."

"आणि लांबचं?"

"लांबचं एकदम स्वच्छ!"

"तुमच्या सगळ्यांचं तेच झालंय," मी म्हटलं. त्याला वाटलं मी नंबराबद्दल बोलतेय. मी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, एकेक काच घालून बघितली, आणि वाचायचा एक तयार चष्मा दिला. त्यानं कागद वाचला, घडी केली आणि कप्तानाच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. हे घर नव्हे, ही आपली मुळं आहेत. आपण गेलो, पण गल्ली थांबली. आपल्यासाठी थांबली. उद्या इथे काचेची इमारत होईल, आणि मग आपण आठवणी काढायच्या त्या कशाच्या?

"आठवणी काढायला गल्ली लागत नाही," मी म्हटलं. "वीस वर्षं तुम्ही तिच्यावाचूनच काढताय."

"लिंबू, तुला नाही कळायचं," गोटी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तू कधी सोडलीच नाहीस ना. सोडल्याशिवाय नाही कळत."

"मग सोडू द्या की मला!"

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. भोंगा म्हणाला, "लिंबू जाणार? मग गल्लीत राहील काय? अगं, तू आहेस म्हणून तर आम्हाला वाटतं, कधीही यावं, दार उघडंच आहे." दुरून डोंगर साजरे असतात ते ठीक आहे. पण डोंगरावर एक बाई ठेवायची, तिनं तो झाडायचा, आणि आपण दुरून बघायचं, ही कुठली रीत?

कप्तान म्हणाला, मतदान घेऊ. विकायचं नाही, हात वर करा. सहा हात वर गेले. गोटीनं तर दोन्ही केले. मग तो म्हणाला, "एकमतानं ठरलं!" आणि टाळ्या वाजल्या.

माझा हात त्यांनी विचारलाच नव्हता. विकायचं, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा, हे वाक्यच आलं नाही. मी तरी तो वर केला. गोटी म्हणाली, "हो हो, आणते मी, तू बस," आणि आणखी चहा आणायला आत गेली.

मला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे. पण त्या क्षणी मी आठ वर्षांची झाले, खिडकीत उभी राहिले आणि माझ्यावाचून चाललेला डाव बघू लागले. सात घरांची रांग, आणि हे सहाच मोजत होते. मुद्दाम नव्हे. मुद्दाम असतं तर भांडले असते. त्यांना खरंच सवय नव्हती.

आणि मग तिथेच, त्या हिरव्या पडलेल्या फ्रेमच्या कपाटाला टेकून उभी असताना, मला खेळाचा तो दुसरा नियम आठवला. लिंबूटिंबूला धरत नाहीत, तसं अडवतही नाहीत. ज्याच्यावर राज्य येत नाही त्याला डाव सोडायला कुणाची परवानगी लागते? हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

निघताना भोंग्याला हुक्की आली, शिवाशिवीचा एक डाव होऊन जाऊ दे, फोटोपुरता. ती सगळी साठीकडे झुकलेली माणसं निळ्या कपड्यांत गल्लीत धावायला लागली. धावायला म्हणजे, कंबरेवर हात ठेवून भराभर चालायला. किल्ल्या त्यांनी कधीच परत आणून ठेवल्या होत्या. कुणाला सांगावं लागलं नाही. प्रत्येकानं सवयीनं तक्त्यामागे हात घालून आपापली किल्ली खुंटीला लावली होती. मी आत गेले, सगळ्या किल्ल्या काढल्या, सुतळीत ओवल्या, आणि कप्तानाच्या नव्या चष्म्याच्या पिशवीत घातल्या. मग बाहेर येऊन त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"राज्य तुझ्यावर."

"ए, लिंबूनं शिवलेलं धरत नाहीत!" तो धापा टाकत म्हणाला.

"बरं, नका धरू. ही पिशवी धर. चष्मा आहे, आणि सगळ्यांच्या किल्ल्या आहेत. मी जाणार आहे, आता त्या तुझ्याकडे."

मी हे अगदी स्वच्छ म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. कप्तानानं पिशवी खुळखुळवली, त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "दे गं दे, आठवण म्हणून असू दे माझ्याकडे." गोटीनं त्याचाही फोटो काढला.

त्या आठवड्यात मी सामान हलवलं. काचा घासायचं मशीन, लेन्सांचे खोके, अक्षरांचा तक्ता, आईची खुर्ची. शटर ओढल्यावर त्यावर एक पाटी चिकटवली, "या रांगेतील घरांविषयी चौकशी येथे करावी," आणि खाली कप्तानाचा फोन नंबर. डाव अर्धा सोडून घरी गेले. ग्रुपवर तसं लिहिलंही. सात-आठ फुलांचे गुच्छ आले, आणि त्याखाली लगेच भोंग्याची एक आठवण.

पहिला फोन कप्तानाचा आला. "अगं, कुणीतरी म्हणतंय तिसऱ्या घराचा नळ वाहतोय. मला का सांगतात?"

"किल्ली तुझ्याकडे आहे ना."

"मग मी काय करू?"

"कॉक पायरीखाली आहे. उजवीकडे फिरव. फिरत नाही, लाथ मारावी लागते."

मग मांजर आलं. गोटीच्या माळ्यावर मांजर व्यालं होतं, आणि गोटीनं फोनवर सांगितलं, "कप्तान, तू जवळ राहतोस, जरा बघ ना." जवळ म्हणजे गाडीनं दोन तास. मग भोंग्याची भिंत फुगली. भोंगा म्हणाला, "तू आहेस ना तिथे, मला काळजी नाही." हे वाक्य मी फार ऐकलं होतं, पण कप्तानाला नवीन होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. या वेळी कप्तान आयजी झाला होता. मग पालिकेचा माणूस आला. मग मागचं तुंबलं. कप्तानानं ग्रुपवर फोटो टाकला: विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात माझ्या नवऱ्याची बादली, चेहऱ्यावर कुठलीही आठवण नाही. खाली लिहिलं होतं, "मागचं पाणी आत आलंय. कोण येतंय मदतीला?"

त्यावर गोटीनं लिहिलं, "अय्या! किती मज्जा! अगदी लहानपणासारखं!"

त्या दिवसानंतर सकाळचा उसासा बंद झाला.  मग कप्तानाचा लांबलचक संदेश आला. भावना आपल्या जागी असतात, पण माणसानं व्यवहारही पाहावा, वास्तू थकली की तिला मोकळं करण्यात तिचा मान असतो, बिल्डर अजून तयार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी या आठवड्यात येऊन आपापली किल्ली घेऊन जावी. किल्ली म्हटल्याबरोबर सगळे व्यवहार पाहू लागले. भोंग्यानं कायद्याच्या भाषेत हो म्हटलं. गोटीनं रडक्या चेहऱ्यांची रांग पाठवली आणि रांगेच्या शेवटी अंगठा.

मी जिंकले होते. न लढता, आणि माझा हात कुणी न मोजता. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघ आई, मी म्हणत नव्हते?" तिनं काय म्हटलं होतं ते मला आठवेना, पण आनंदात कुठे हिशेब मागायचा?

इथे माझं छान चाललंय. गाळा कोरडा आहे. जिना नाही. मागच्या बाजूला एक खिडकी आहे, तिच्यातून फक्त ओळीत लावलेल्या गाड्या दिसतात, आणि त्या काही बोलत नाहीत. वरून लेकीनं नंबर काढून पाठवलेली माणसं चिठ्ठी घेऊन येतात, चष्मा घेतात, "थँक्यू मॅडम" म्हणतात आणि जातात. सगळे मला मॅडम म्हणतात. दिवसभरात एकही माणूस मागच्या दारानं येत नाही, नाकावरचं पॅड फुकट बसवून मागत नाही, कुणाच्या तरी नळाची तक्रार करत नाही. दुपारी जेवून मी आईच्या खुर्चीत टेकते. झोप येत नाही. पहिले काही दिवस वाटलं, जागा नवी आहे, येईल. मग वाटलं, चहामुळे असेल, चहा सोडला. तरी येईना. खोली इतकी शांत असते, की मला माझाच श्वास ऐकू येतो, आणि तो काही दुपारभर ऐकण्यासारखा नाही.

एक दिवस असंच डोळे मिटून पडले होते आणि कळलं, मी कान देऊन कशाची तरी वाट बघतेय. त्या गुडगुडीची. साठ वर्षं होत आली, एकही दुपार मी तिच्यावाचून झोपले नव्हते. आईनं मला थोपटलं ते त्या आवाजावर, लेकीला मी थोपटलं ते त्या आवाजावर, आणि नवरा गेल्यावर मला वरच्या खोलीत एकटं वाटलं नाही ते त्या आवाजामुळे. मला गल्लीची आठवण येत होती. लाज वाटली, पण येत होती. इतकी, की तेवढ्यात चष्मा घ्यायला आलेल्या माणसाला मला सांगावं लागलं, डोळ्यात कण गेलाय.

त्याच संध्याकाळी कप्तानाचा संदेश आला. "लिंबू, सगळ्यांच्या सह्या झाल्या. परवा बिल्डरकडे कागद द्यायला गेलो तर तो म्हणतो, साहेब, घरं सात आहेत, सह्या सहाच कशा? तेव्हा लक्षात आलं, तुझी राहिली. आम्ही कुणी मोजलंच नाही बघ! सॉरी हं. तुझ्या एका सहीवर सगळं अडलंय. उद्याच येऊन करून टाक. तू तर पहिल्यापासून तयार होतीस."

मी तो संदेश दोनदा वाचला. तुझ्या एका सहीवर सगळं अडलंय. आयुष्यात पहिल्यांदा डाव माझ्यासाठी थांबला होता. खिडकीतून बघणारी ती पोर आता टाळ्या पिटायला हवी होती. मी उत्तर लिहायला घेतलं. "येते" असं लिहिलं. पुसलं. "येते की, पण एवढी घाई काय आहे?" असं लिहिलं. मग बोट थांबेना.

"येते की, पण एवढी घाई काय आहे? आधी एकदा नुसतीच येऊन जाते. आठवतंय का रे, दुपारी सगळीकडे सामसूम झाली की ओढ्याचा आवाज कसा यायचा? तो एकदा नीट ऐकते, मग बघू सहीचं."

पाठवलं, आणि मग वाचलं. ओढा हा शब्द तिथे होता. माझ्याच बोटानं लिहिलेला. पुसायला गेले, तोवर वाचल्याची खूण आली होती. आता हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस येणार, म्हणून मी फोन पालथा घालायला उचलला.

पाऊस आला नाही. एकच ओळ आली, कप्तानाची.

"ओढा नाही गं. गटार."